धुकं कुठल्या नळीत?

मी आयुष्यात झुरळाहून मोठ्या कशाची शिकार केलेली नाही, आणि झुरळंसुद्धा बहुतेक वेळा माझ्या बायकोने, वैशालीनेच मारली. तरीही ओमानमधल्या बरका गावात सलग अकरा वर्षं मी शिकारीच्या दुर्बिणींचा जाणकार म्हणून ओळखला जात होतो. लोक डोंगरातून, वाळूतून, किनाऱ्यावरून यायचे आणि दारातूनच विचारायचे, "बरकाश आहे का?"

माझं नाव प्रकाश. अरबीत 'प' नाही, त्यामुळे प्रकाशचा बरकाश झाला. बरक्याचा बरकाश हे इतकं चपखल बसलं, की आमच्या अर्बाबला, म्हणजे दुकानाच्या ओमानी मालकाला, शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी बरक्यात आल्यावर हौसेने नाव बदलून घेतलं.

मी मूळचा राजापूरकडचा. जमीन मोजणीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ठाण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये काम शिकलो. ओमानला आलो तो रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीची यंत्रं सांभाळायला, आणि ते काम संपल्यावर बरक्याच्या या दुकानाला चिकटलो. मोठ्या रस्त्यालगतचं दुकान. तंबू, बॅटऱ्या, सुऱ्या, कॉफीच्या किटल्या, उंटांचे पट्टे आणि एका लांब काचेच्या कपाटात दुर्बिणी. विकायचं काम डॉमनिककडे. डॉमनिक वसईचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला लागला की समोरचा माणूस खिशात हात घालायचा. माझं टेबल मागच्या कोपऱ्यात. भिंगं पुसणं, नळ्या सरळ करणं, आत गेलेली वाळू काढणं ही माझी कामं. पण गिऱ्हाईक अडलं की डॉमनिक हाक मारायचा, "प्रकाशभाऊ, जरा प्रवचन द्या."

तिकडे दुर्बिणीला 'दरबील' म्हणतात. आपली दुर्बीण आणि त्यांची दरबील या एकाच फारसी घरातल्या मुली. एक समुद्राच्या या किनाऱ्याला दिली, एक त्या. पहिल्याच आठवड्यात हा शब्द ऐकला आणि मला उगाच सासुरवाडीला आल्यासारखं वाटलं.

माझं प्रवचन असं असायचं. दुर्बिणीवर दोन आकडे लिहिलेले असतात. आठ बाय बेचाळीस, दहा बाय बेचाळीस, असे. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसणार. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. गिऱ्हाईक नेहमी पहिल्या आकड्यावर भाळतं. बारा द्या, वीस द्या, शंभर नाही का? पण जितकी पट वाढते तितकी हाताची थरथरही वाढते. वीस पटीच्या दुर्बिणीतून शांत उभा असलेला बोकड लग्नाच्या वरातीत नाचल्यासारखा दिसतो. शिवाय ओमानात सकाळी नऊनंतर जमीन तापते, हवा लहरायला लागते, आणि मोठी दुर्बीण त्या लहरीच मोठ्या करून दाखवते. म्हणून दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. जे उत्तर येईल तेवढ्या रुंदीचा उजेड डोळ्यात शिरतो. जनावर हिंडतं पहाटे आणि तिन्हीसांजेला, उजेड कमी असताना, म्हणून उत्तर पाचच्या आसपास असावं. गळ्यात अडकवून थोडं हिंडून बघावं, कारण मान दुखवणारी दुर्बीण पुढे जन्मभर कपाटात राहते. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघावं. आणि दुकानातल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून कधीही खरेदी करू नये. बाहेर यावं, लांबच्या खांबाची कड बघावी. कडेला जांभळी-हिरवी झालर दिसली तर दुर्बीण नमस्कार करून परत ठेवावी.

डॉमनिक म्हणायचा, "भाऊ, तुमचं संपेपर्यंत ते हरीण म्हातारं होऊन मरतंय."

गंमत अशी, की ओमानात रानातल्या जनावरांच्या शिकारीला कायद्याने बंदी. मग शिकारीची दुर्बीण मागायला येणारे हे लोक कोण? मला हे कळायला महिना गेला. एका मिशाळ गृहस्थांनी 'सैद'साठी, म्हणजे शिकारीसाठी, दुर्बीण मागितली. मी त्यांना पहाटेचा उजेड, झुडपाआडची शिंगं, वाऱ्याची दिशा असं सगळं रंगवून सांगितलं. ते फार अदबीने ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आणि पाण्यात पडली तर?"

"हरणामागे पाण्यात कशाला शिराल?" मी म्हणालो.

त्यांनी डॉमनिककडे वळून हळूच विचारलं, "हा बरा आहे ना?"

अरबीत शिकार आणि मासेमारी दोन्हीला 'सैद'च म्हणतात. गृहस्थ बरक्याचे कोळी होते. समुद्रावर पक्ष्यांचे थवे कुठे बुड्या मारतात ते त्यांना बघायचं होतं, कारण पक्षी जिथे, मासळी तिथे. तेव्हापासून मी प्रवचनाआधी एक प्रश्न विचारायला लागलो, की शिकार चार पायांची की कल्ल्यांची? कोणाचा उंट हरवलेला असायचा, कोणाचा पाळीव ससाणा उडून गेलेला असायचा. अल खौदला राहणाऱ्या एका पुणेरी गृहस्थांनी शिकारीचीच, दणकट हवी, असा हट्ट धरला. कशाची शिकार करणार, विचारलं तर म्हणाले, "पार्किंगची. शुक्रवारी अल मवालेहच्या भाजीबाजारात गाडीच्या पायरीवर उभं राहून जागा हेरायची आहे."

या सगळ्यांत खरा शिकारी मला एकच भेटला. त्याचं नाव सालिम.

सालिम नखल गावाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका छोट्या वस्तीत राहायचा. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. त्याला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. तरुणपणी, बंदी यायच्या आधी, त्याने डोंगरात शिकार केली होती. नंतर बंदूक भिंतीला गेली, पण नजरेचं नाव राहिलं. वस्तीत कोणाची शेळी हरवली की लोक सालिमला बोलवायचे. तो एका खडकावर बसायचा, समोरचा डोंगर न्याहाळायचा आणि बोट दाखवायचा. शेळी तिथे असायची. वस्तीत त्याचा शब्द चालायचा तो या नजरेच्या जोरावर.

तो दुकानात आला तेव्हा प्रवचन त्याने शेवटपर्यंत ऐकलं. असं करणारं ते माझं पहिलं गिऱ्हाईक. आमचं बोलणं अर्धं अरबीत, अर्धं हिंदीत व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहितो आहे. "तू शिकार केली आहेस?" त्याने विचारलं.

"नाही, अल वालिद." वडीलधाऱ्या माणसाला तिकडे असंच म्हणतात.

"तरी बरोबर सांगतोस," तो म्हणाला, आणि मी सुचवलेली आठ बाय बेचाळीस घेऊन गेला. मला त्या दिवशी जेवताना फार प्रसन्न वाटत होतं.

आठ दिवसांनी तो परत आला. "बरकाश, उजव्या नळीत धुकं आहे."

मी दुर्बीण टेबलावर घेतली, दिव्यासमोर धरली, पुढून बघितली, मागून बघितली. काच गंगाजळासारखी स्वच्छ. पण गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही हा दुकानाचा नियम. बदलून दिली. आणखी दहा दिवसांनी तो पुन्हा हजर. "हिच्यातही धुकं. उजव्याच नळीत."

आता अर्बाब अस्वस्थ झाला. सालिमच्या शब्दावर अख्खं खोरं खरेदी करायचं. बरक्याच्या दुकानात धुक्याच्या दुर्बिणी मिळतात असं तो म्हणाला असता तर आम्हाला तंबू आणि किटल्यांवरच भागवावं लागलं असतं. "त्याला कपाटातली सगळ्यात भारी दे," अर्बाब म्हणाला. डॉमनिकने ती मखमलीवर ठेवून दाखवली. "अल वालिद, ही घ्या. ही घेतल्यावर माणूस परत येत नाही."

सालिम सहाव्या दिवशी परत आला. या वेळी वस्तीतले पाच-सहा लोकही पिकअपमध्ये बसून आले होते. त्याने दुर्बीण काउंटरवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिच्यात तर दूध ओतलंय."

लोक माझ्याकडे बघायला लागले. अर्बाबही त्याच्या खोलीतून बाहेर आला.

मी दुर्बीण हातात घेतली. उजव्या डोळ्यापाशी एक छोटं कडं असतं. दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असला तर ते फिरवून जुळवून घेता येतं. ते कडं सालिमने पार शेवटपर्यंत पिळलेलं होतं, इतकं की मला ते सोडवायला जोर लावावा लागला. माझ्या डोक्यात तेव्हा काहीतरी चमकलं. वर्कशॉपमध्ये आमचे उस्ताद एक साधी युक्ती सांगायचे. दुर्बीण उलटी धरायची. उलटी म्हणजे मागचं पुढे नव्हे, वरची बाजू खाली. चित्र तसंच सरळ दिसतं, पण उजवी नळी डाव्या डोळ्यावर येते आणि डावी उजव्यावर. दोष नळीत असेल तर तो नळीबरोबर दुसऱ्या डोळ्याकडे जातो.

"अल वालिद, जरा अशी धरून बघा."

सालिमने दारात जाऊन रस्त्यापलीकडची पाटी बघितली. सुलटी. मग उलटी. मग पुन्हा सुलटी. हळूहळू त्याचा चेहरा बदलला.

"बरकाश," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "धुकं उडी मारून दुसऱ्या नळीत गेलं."

पिकअपमधले लोक चपला वाजवत पुढे आले. एकजण म्हणाला, यात नक्की जिन आहे. दुसऱ्याने दुर्बीण हातात घ्यायला नकार दिला. डॉमनिकने काउंटरमागे गळ्यातला क्रॉस चाचपला.

मला मात्र उत्तर मिळालं होतं. धुकं हललंच नव्हतं. ते जिथे होतं तिथेच होतं, सालिमच्या उजव्या डोळ्यात. मोतीबिंदू. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो, माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. दुर्बीण ते पांघरूण काढून टाकते.

हे बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण समोर ते पाच-सहा लोक उभे होते, ज्यांच्या शेळ्या या माणसाने नुसत्या नजरेने शोधून दिल्या होत्या. त्यांच्यासमोर त्याला सांगायचं, की तुझा डोळा गेलाय? मी अर्बाबकडे बघितलं. अर्बाबने मला डोळा मारला. गप्प राहा, असा त्याचा अर्थ मी घेतला.

"काच नवीन आहे," मी म्हणालो. "इथल्या हवेला रुळायला वेळ लागेल. मी सर्व्हिस करून देतो."

घरी जेवताना मी ही हकीकत सांगितली. जिनपर्यंत आलो तेव्हा वैशाली हसली. आमची मुलगी नेहा तेव्हा आठवीत होती. शाळेत सगळं इंग्रजीत चालायचं, मराठी तिला दगडावरून चालल्यासारखी एकेक पाऊल टाकत बोलावी लागायची. ती म्हणाली, "बाबा, तो आजोबा ब्लाइंड होतो आहे आणि तू त्याला बायनॉक्युलर विकलास?"

"विकली," मी म्हणालो. "बायनॉक्युलर स्त्रीलिंगी." व्याकरणाच्या आड लपायला जागा असते, तेवढी मी वापरली.

पुढचे दोन महिने सालिम येत राहिला. प्रत्येक वेळी मी स्वतःशी ठरवायचो, की आज सांगायचं. आणि प्रत्येक वेळी दुकानात कोणीतरी असायचं, किंवा तो इतक्या खुशीत असायचा की जीभ वळायची नाही. मी दुर्बीण आत नेऊन फडक्याने पुसायचो, पाच मिनिटं थांबायचो आणि बाहेर आणून द्यायचो. तो बघायचा, मान हलवायचा, म्हणायचा, "थोडं कमी झालंय, बरकाश." माझ्यावर विश्वास ठेवून त्याला धुकं कमी दिसत होतं. माझ्या सगळ्या नोकरीत एवढी लाज मला कधी वाटली नाही.

शेवटी तोच म्हणाला, "दुकानात नीट कळत नाही. तू शुक्रवारी डोंगरात ये. तिथे बघ." वस्तीत मोकाट कुत्र्यांचा त्रास वाढला होता, चार शेळ्या फाडल्या होत्या, आणि त्याला लांबून कळप हेरायचा होता. मटणाचं जेवण आहे हे कळताच डॉमनिकही निघाला. थंडीचे दिवस होते. त्याने तपकिरी रंगाचं केसाळ जाकीट चढवलं होतं.

सकाळी सालिम आम्हाला घ्यायला नखलपर्यंत आला. त्यापुढचा तास मला आठवायला आवडत नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. ती मी त्या पिकअपमध्ये बसून पाहिली. सुकलेल्या नदीच्या काठाने कच्चा रस्ता, उजवीकडे दरी, आणि सालिमची गाडी उजव्या बाजूलाच लाडाने झुकत होती. मला भीमरूपी येते तेवढी म्हणून झाली. मागच्या सीटवर डॉमनिकचं त्याच्या देवाशी बोलणं चाललं होतं. आणि हा माणूस दोन महिने याच रस्त्याने बरक्याला येऊन मला दुर्बीण दाखवत होता, हे मला प्रत्येक वळणावर नव्याने कळत होतं.

पोचलो. खडकावर चटई टाकली, खजूर आणि कॉफी झाली. सालिमने बरोबर परवान्याची जुनी बंदूक आणली होती. कुत्रे दिसले तर हवेत बार काढून पळवायचे, असं ठरलं होतं. थोड्या वेळाने डॉमनिक पोटावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, गाडीने पोट ढवळलंय. मी जरा जाऊन येतो." आणि खालच्या उतारावर मोठ्या दगडांच्या मागे दिसेनासा झाला.

दहा मिनिटं गेली असतील. सालिम एकदम ताठ झाला. त्याने माझ्या मांडीवर हात दाबला आणि कुजबुजला, "कल्ब." कुत्रा.

मी दुर्बीण डोळ्याला लावली. आठ पट जवळ मला दगडांच्या फटीत एक तपकिरी, केसाळ पाठ दिसली. पाठ जरा हलली, आणि तिच्या वर वसईच्या डॉमनिकचं टक्कल दिसलं.

मी वळलो तर सालिम बंदूक खांद्याला लावून बसला होता. हवेतल्या बाराचा त्याला विसर पडला होता. इतक्या वर्षांनी त्याच्यातला शिकारी जागा झाला होता. बंदूक धरताना माणूस डावा डोळा मिटतो आणि उजव्याने नेम धरतो. त्याने डावा मिटला होता.

"डॉमनिक!" मी ओरडलो. "अल वालिद, तो डॉमनिक आहे!"

"हळू," सालिम म्हणाला. "पळेल."

मी आयुष्यात पहिल्यांदा बंदुकीला हात लावला तो तेव्हा. नळी खालून वर ढकलली. बार आकाशात गेला. डोंगर तीनदा गरजला, शेळ्या चारी दिशांना उधळल्या, आणि खालच्या दगडांमागून डॉमनिक दोन्ही हात वर करून उभा राहिला. दोन्ही हात वर असल्यामुळे पँट धरायला हात उरला नव्हता.

"प्रकाशभाऊ!" तो तिथूनच किंचाळला. "मी आहे, मी! सांगा त्यांना!"

मी हसलो नाही. आता लिहिताना हसू येतंय, तेव्हा मी बंदुकीची नळी सोडायलाच तयार नव्हतो. सालिमने बंदूक खाली ठेवली. उतारावर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला कुत्रा दिसला."

मी त्याच्यासमोर बसलो. "अल वालिद, डाव्या डोळ्यावर हात ठेवा. दुर्बीण नको. नुसतं माझ्याकडे बघा. काय दिसतं?"

त्याने हात ठेवला. 

"दूध," तो म्हणाला.

"काच चांगली आहे. पहिलीही चांगली होती. सगळ्याच चांगल्या होत्या."

अरबीत मोतीबिंदूला 'पांढरं पाणी' म्हणतात. मी तो शब्द उच्चारला, आणि हे ऑपरेशनने बरं होतं, माझ्या आईचं झालंय, असं भराभर सांगत सुटलो. त्याने हात वर करून मला थांबवलं. डॉमनिक पँट सावरत वर आला तेव्हा सालिम उठून त्याच्यापाशी गेला आणि त्याचे दोन्ही खांदे धरले. मग त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्यासमोर धरली. चाळीस वर्षं त्या डोंगरात गाडी हाकणाऱ्या माणसाने किल्ली दुसऱ्याच्या हातात देणं काय असतं, हे मला तेव्हा कळलं. मटण तसंच राहिलं.

गाडी मी चालवत होतो. अर्ध्या रस्त्यात त्याने विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

खोटं बोलायची ताकद संपली होती. "उलटी धरायला सांगितली त्या दिवशी."

त्याने बोटांवर आठवडे मोजले. "मग तेव्हापासून तू फडक्याने काय पुसत होतास?"

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.  

शनिवारी मी सगळं अर्बाबला सांगितलं. तो खवळला. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच तर डोळा मारलात, गप्प राहा म्हणून."

"मी?" अर्बाब म्हणाला. "माझ्या डोळ्यात कचरा गेला होता!"

तो खरं बोलत होता की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण मग माझ्या लक्षात आलं, की कचरा असो की खूण, दोन महिने जीभ माझ्याच तोंडात होती.

सालिम यायचा थांबला. खोऱ्यातले लोक मात्र येत होते, म्हणजे त्याने आमची बदनामी केली नव्हती, आणि त्यामुळे मला जास्तच अपराधी वाटत होतं. नोकरीची नवी ऑफर आली असती तर मी घेतली असती. सालिमबद्दल कोणाला विचारायचं धाडस झालं नाही. त्याच्या वस्तीतला एकजण कॉफीची किटली घ्यायला आला तेव्हा एवढंच कळलं, की सरकारी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले फार थांबलात, पण होईल बरा.

चार महिन्यांनी एका सकाळी दुकानाचं दार उघडलं आणि सालिम आत आला. सरळ माझ्या टेबलापर्यंत आला. मी उभा राहिलो. त्याने माझ्या चेहऱ्याजवळ चेहरा आणला आणि भिंग तपासावं तसं मला तपासायला लागला. कपाळ, डोळ्यांखालच्या पिशव्या, कानावरचे केस.

"बरकाश," तो हादरून म्हणाला, "तू तर म्हातारा आहेस!"

"पंचावन्न पूर्ण झाली, अल वालिद."

"मला वाटलं होतं, तू तिशीतला असशील." तो खुर्चीवर बसला. खरोखर पंचाईत झाल्यासारखा दिसत होता. "बिछान्यावर पडून मी खूप विचार केला. म्हटलं, पोरगा तरुण आहे, मालकाला घाबरला, नोकरीला घाबरला. तरुण माणूस घाबरून खोटं बोलतो, त्याला माफ केलं पाहिजे. मी तुला माफ केलं. आज तेच सांगायला आलो होतो." त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं. "आता बघतो तर पांढरे केस! म्हाताऱ्या माणसाला कसं माफ करायचं?"

डॉमनिकने काउंटरमागे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"मग आता?" मी विचारलं.

"आता पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागेल," सालिम म्हणाला. "कॉफी सांग."

त्यानंतर दर महिन्याला तो विचार करायला येऊ लागला. खुर्चीवर बसायचा, खजूर खायचा, तीन पेले कॉफी प्यायचा, वस्तीच्या बातम्या सांगायचा. डाव्या डोळ्यातही थोडं धुकं होतंच, त्याचंही ऑपरेशन त्याने स्वतः जाऊन करून घेतलं. डॉमनिक दिसला की जवळ बोलवून त्याच्या जाकिटाचा रंग बदलल्याची खात्री करून घ्यायचा. आणि उठताना माझ्याकडे एकवार निरखून बघत म्हणायचा, "अजून ठरलं नाही."

ओमान सोडायच्या आधी मी त्याला भेटायला वस्तीवर गेलो. या वेळी मटण खाल्लं. निघताना मी म्हणालो, "अल वालिद, आता मी कायमचा चाललो. ठरवून टाका."

"घाई कशाला?" तो म्हणाला. "घरी पोचलास की फोन कर."

आता मी राजापुरात असतो. दर ईदला त्याला फोन करतो. तो शेळ्यांचं सांगतो, पाऊस झाला का सांगतो, नेहाचं लग्न ठरलं का विचारतो. फोन ठेवायच्या आधी मी विचारतो, ठरलं का? पलीकडे तो घसा खाकरतो आणि म्हणतो, "विचार चालू आहे, बरकाश. पुढच्या ईदला फोन कर."